उपरोध

उपरोध : मनातील अर्थाच्या उलट शब्द योजून, पण ते उलट आहेत हे ऐकणाऱ्याला उमगावे अशी सोय ठेवून केलेले बोलणे. स्तुतीच्या शब्दांनी निंदा, संमतीच्या शब्दांनी विरोध आणि कृतज्ञतेच्या शब्दांनी तक्रार व्यक्त करणे ही त्याची नेहमीची रूपे होत. उपरोधात शब्दांचा वाच्यार्थ खोटा असतो. परंतु तो फसविण्यासाठी नसतो. खोटे बोलणाऱ्याला आपले खोटे लपून राहावे असे वाटते, तर उपरोधाने बोलणाऱ्याला ते ओळखले जावे असे वाटते. असत्य आणि उपरोध यांतील हा भेद मूलभूत आहे. उपरोध ओळखला गेला नाही, तर तो केवळ वाया जातो असे नाही. बोलणाऱ्याच्या मताच्या नेमके विरुद्ध मत त्याच्या नावावर जमा होते.

इंग्रजीतील ‘आयरनी’ या संज्ञेला मराठीत सामान्यतः उपरोध हा पर्याय देण्यात येतो. तथापि मूळ संज्ञेची व्याप्ती अधिक मोठी आहे. तीत तीन वेगळ्या गोष्टींचा समावेश होतो : (१) वक्त्याने हेतुपुरस्सर केलेले उलटे बोलणे, (२) नाटकातील वा कथेतील पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला वा वाचकाला ठाऊक असल्यामुळे त्या पात्राच्या शब्दांना येणारा दुसरा अर्थ, आणि (३) कोणीही काही न बोलता, केवळ घटनांच्या ओघात, अपेक्षेच्या नेमके उलट घडून येणे. मराठीत पहिल्या प्रकाराला उपरोध, दुसऱ्याला नाट्यगत उपरोध आणि तिसऱ्याला दैवगती किंवा दैवदुर्विलास म्हणतात. इंग्रजीने जे एका शब्दात बांधले, ते मराठीने वेगवेगळे ठेवले आहे. आधुनिक वृत्तपत्री भाषेत मात्र ‘आयरनी’ हा शब्द जसाच्या तसा घेतला जाऊ लागल्यापासून या तिन्हींची, आणि त्यांच्याबरोबर निव्वळ योगायोगाचीही, सरमिसळ झालेली आढळते. हे सर्व प्रकार कोल्हापूर शहराच्या आणि तेथील राजारामपुरी या उपनगराशी संबंधित वाङ्मयाच्या इतिहासात एकत्र पाहावयास मिळतात.

व्युत्पत्ती व अर्थांतर : उपरोध हा शब्द ‘रुध्’ (अडविणे, कोंडणे) या संस्कृत धातूला ‘उप’ हा उपसर्ग लागून बनला आहे. संस्कृतात त्याचे अर्थ अडथळा, कोंडी, त्रास असे आहेत. पुढे त्यास भीड, मुर्वत, दुसऱ्याच्या इच्छेचा मान राखणे असाही अर्थ आला. बंगालीत हा दुसरा अर्थ टिकून आहे. तेथे उपरोध म्हणजे आग्रह वा विनंती होय. भिडेखातर नको ते काम अंगावर घेणारा मनुष्य उपरोधापायी ढेकी गिळतो, अशा आशयाची म्हण त्या भाषेत प्रचलित आहे (ढेकी म्हणजे भात कांडण्याचे पायाने चालविण्याचे अवजड लाकडी साधन). मराठीत मात्र त्याच शब्दाला तिरकस बोलण्याचा अर्थ प्राप्त झाला. दोन अर्थांमधील सांधा असा जुळविता येतो : जेथे भीड असते, तेथे सरळ बोलण्याची वाट अडते, आणि अडलेले बोलणे उलट्या वाटेने बाहेर पडते. सासू, मालक, पाटील, कारभारी अथवा राजा यांच्यासमोर ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, तो ‘हो’ हाच शब्द अशा स्वरात उच्चारतो, की त्याचा अर्थ ‘नाही’ असा व्हावा.

याच कल्पनेचे दुसरे मराठी नाव ‘शालजोडीतला’ असे आहे. शालजोडी म्हणजे दरबारात पंडितास, गवयास वा सरदारास मानाने पांघरावयास देण्यात येणारी शालींची जोडी. तिच्यात गुंडाळून मारलेला जोडा तो शालजोडीतला. त्यात सन्मान वरून दिसतो आणि मार आतून बसतो. शिवाय मारणाऱ्याला ‘मी शालच दिली’ असे म्हणण्याची सोय उरते. उपरोधाची तिन्ही लक्षणे, म्हणजे वरवरचा आदर, आतील आघात आणि नाकारण्याची सोय, या एका शब्दात एकवटली आहेत.

विडंबन, विटंबना व विडंबना या शब्दांचा घोटाळाही येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. मराठीत विडंबन म्हणजे एखाद्या कृतीचे वा शैलीचे हास्यकारक अनुकरण आणि विटंबना म्हणजे अप्रतिष्ठा. हिंदीत ‘विडंबना’ हा शब्द दैवदुर्विलासाच्या अर्थाने वापरला जातो. त्या प्रभावाने अलीकडील मराठी लेखनात ‘ही केवढी विडंबना’ अशी वाक्यरचना रूढ होत आहे. त्याचप्रमाणे ‘विरोधाभास’ या अलंकाराचे नावही दैवगतीसाठी वापरले जाते. वास्तविक विरोधाभासात विरोध केवळ भासतो आणि अर्थ लावल्यावर नाहीसा होतो. दैवगतीतील विरोध खरा असतो आणि विचार केल्यावर तो अधिकच बोचतो.

पाश्चात्त्य संकल्पना : प्राचीन ग्रीक सुखात्मिकेत ‘आयरन’ हे आपले शहाणपण लपवून अज्ञानाचा बहाणा करणारे पात्र असे, ‘अलाझोन’ या बढाईखोर पात्राचा तो शेवटी पाडाव करी. या पात्रावरून ‘आयरनेइआ’ हा शब्द रूढ झाला. आरंभी त्यात लबाडीचा, सोंगाचा दोषारोप होता. प्लेटोच्या संवादांतील सॉक्रेटीस स्वतःस अज्ञानी म्हणवून घेत प्रतिपक्षाकडूनच त्याच्या मतातील विसंगती वदवून घेतो. त्याच्यामुळे या शब्दाला प्रतिष्ठा लाभली. सिसरो व क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञांनी त्यास वक्तृत्वाच्या अलंकारांत स्थान दिले. घटनांतील उलटापालटीसाठी हा शब्द वापरण्याची प्रथा मात्र बरीच अर्वाचीन आहे. कॉनप थर्लवॉल या इंग्रज विद्वानाने सॉफोक्लीझच्या नाटकांवरील निबंधात (१८३३) तो नाट्यप्रसंगास लावला. अपराध्याचा शोध घेण्याची प्रतिज्ञा करणारा इडिपस राजा स्वतःच तो अपराधी असतो. हे प्रेक्षकाला ठाऊक असते, त्याला नसते.

उपरोध अक्षरशः घेतला गेल्यास काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण डॅन्येल डीफो याचे आहे. प्रस्थापित चर्चहून वेगळ्या पंथाच्या लोकांचा नायनाट करावा, असे कट्टर धर्माभिमान्याच्या भाषेत सुचविणारे पत्रक त्याने १७०२ मध्ये निनावी प्रसिद्ध केले. त्याचा हेतू कट्टरांची भाषा किती भयंकर आहे हे दाखविण्याचा होता. प्रारंभी काही कट्टरांनी त्याचे स्वागत केले. खरा हेतू व लेखक उघड होताच डीफोला १७०३ मध्ये तुरुंगवास आणि भर चौकात खोड्यात उभे राहण्याची शिक्षा झाली. जॉनथन स्विफ्टने १७२९ मध्ये आयर्लंडमधील दारिद्र्यावर उपाय म्हणून गरिबांची मुले खाद्य म्हणून विकावीत, असा प्रस्ताव अत्यंत हिशेबी भाषेत मांडला. तो उपरोधाचा आदर्श नमुना मानला जातो.

संस्कृत साहित्यशास्त्रातील विचार : संस्कृत साहित्यशास्त्रात उपरोध या नावाचा अलंकार नाही, परंतु त्याची अंगे निरनिराळ्या ठिकाणी विवेचिली आहेत. वरून निंदा पण वस्तुतः स्तुती, किंवा वरून स्तुती पण वस्तुतः निंदा, ती व्याजस्तुती होय. विपरीत लक्षणेत शब्द आपला मूळ अर्थ टाकून विरुद्ध अर्थ देतो. अपकार करणाऱ्या मनुष्याला ‘आपण फार उपकार केलेत’ अशा शब्दांत संबोधणारा एक श्लोक मम्मटाच्या काव्यप्रकाशात उदाहरणादाखल आला आहे. त्यात वाच्यार्थ पूर्णतः तिरस्कृत होतो, असे त्याचे विवेचन आहे. काकू म्हणजे स्वराची विशिष्ट फिरवणूक. तीमुळे साधे विधानही नकारार्थी होते. वक्रोक्ती ही संज्ञा आज उपरोधाच्या अर्थाने वापरली जाते. पण रुद्रट, मम्मट यांच्या मते एकाने एका अर्थाने उच्चारलेले वाक्य दुसऱ्याने श्लेषाने वा काकूने भलत्या अर्थी घेणे, हे तिचे स्वरूप होय. कुंतकाने तर तिला समग्र काव्याचे जीवित मानले. [⟶ अलंकार, साहित्यातील].

नाट्यगत उपरोधाशी जुळणारी संकल्पना नाट्यशास्त्रातील पताकास्थानकाची आहे. त्यात पात्राच्या मुखातून सहज निघालेले वाक्य पुढील घटनेस अभावितपणे लागू पडते. भवभूतीच्या उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात सीतेचा विरह एवढीच गोष्ट आपल्याला असह्य आहे, असा विचार राम व्यक्त करीत असतानाच प्रतीहारी ‘आला आहे’ अशी वर्दी देते. ती वर्दी दुर्मुख नावाच्या हेराच्या आगमनाची असते. परंतु त्याच्याच वार्तेने सीतात्याग ओढवतो, आणि विरहच येऊन ठेपल्याचे प्रेक्षकास जाणवते.

लोकव्यवहार : बोलीभाषेत उपरोधाच्या छटांना स्वतंत्र नावे आहेत. टोमणा बोचणारा असतो, कोपरखळी खेळकर असते, चिमटा क्षणिक असतो, तर खवचटपणा हा स्वभाव मानला जातो. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण पुष्कळदा उपरोधाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण तीत शब्दांचा अर्थ बदलत नाही, केवळ त्यांचा रोख बदलतो. उपरोधात रोख समोरच्यावरच असतो आणि अर्थ फिरतो. ‘शहाणा’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय. दीडशहाणा, अतिशहाणा, उंटावरचा शहाणा या प्रयोगांत शहाणपणात भर पडता पडता मूर्खपणा सिद्ध होतो. कोल्हापूरकडील ‘लई शाणा’ या प्रयोगात तर प्रशंसेचा मूळ अर्थ क्वचितच उरतो. ‘उपकार झाले’, ‘धन्य आहे’, ‘आलात? या, बसा’ यांसारखी वाक्येही केवळ स्वरावर अर्थ पालटतात.

दैवगतीसाठी म्हणींचा वेगळा संच आहे. ‘करायला गेलो गणपती, झाला मारुती’, ‘तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले’, ‘दिव्याखाली अंधार’ या म्हणींत कोणी कोणाला टोचत नाही. घडलेली गोष्टच उलटी असते. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण दोहोंच्या सीमेवर उभी आहे : नाव व स्थिती यांतील विसंगती घटनागत आहे, पण ती बोलून दाखविणारा मात्र उपरोधाने बोलतो.

मराठी वाङ्मयातील उपरोध : संत एकनाथांच्या भारुडांत उपरोधाचा धर्मप्रबोधनासाठी कुशल उपयोग केलेला आढळतो. सासरच्या एकेका माणसाचे वाईट व्हावे म्हणून देवीला नवस बोलणारी स्त्री त्यांनी रंगविली; तिचे बोलणे वरवर स्वार्थी असले, तरी नवसाच्या धर्माचेच पितळ त्यातून उघडे पडते. तमाशातील सोंगाड्या हा लोकरंगभूमीवरील उपरोधकर्ता होय. राजाला मुजरा करीत त्याच्या कारभाराची लक्तरे काढण्याचा त्याचा परवाना वसंत सबनीस यांच्या विच्छा माझी पुरी करा (१९६५) या लोकनाट्यानेही वापरला.

एकोणिसाव्या शतकात उपरोध हे सामाजिक वादाचे शस्त्र बनले. महात्मा फुले यांच्या तृतीय रत्न (१८५५) या नाटकातील विदूषक भटजीच्या प्रत्येक युक्तिवादावर तिरकस भाष्य करतो. उलट बाजूने विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी निबंधमालेतून (१८७४ पासून) फुले यांच्या भाषेची व विचारांची उपरोधिक टवाळी केली. भीड ज्यांच्यावर पडते त्यांचे हे शस्त्र भीड पाडणाऱ्यांच्याही हाती तितक्याच सहजतेने येते, हे यावरून दिसते. विद्येचा अधिकार असलेल्याने विद्या नाकारल्या गेलेल्याच्या व्याकरणास हसणे आणि विद्या नाकारल्या गेलेल्याने त्या अधिकारास हसणे, या दोहोंचे अलंकारशास्त्रीय रूप एकच असले, तरी सामाजिक अर्थ एक नाही. सत्यशोधक परंपरेतील मुकुंदराव पाटील यांनी कुळकर्णी लीलामृत (१९१३) या काव्यात पोथीची ओवीबद्ध भाषा घेऊन गावच्या कुलकर्ण्यांच्या ‘लीला’ वर्णिल्या. भक्तिभावाची शैली आणि लुबाडणुकीचा विषय यांच्या विसंगतीतून त्याचा परिणाम साधतो.

विनोदी वाङ्मयात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी सुदाम्याचे पोहे या लेखमालेतून रूढींचे समर्थन केल्याचा आव आणून त्यांची निरर्थकता दाखविली. राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला (१९१९) या नाटकाचे शीर्षकच उपरोधिक आहे. पहिला प्याला हा एकच राहत नाही. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव स्वतःची फजिती गांभीर्याने सांगतो आणि वाचकाला त्याच्यापेक्षा अधिक समजते. विजय तेंडुलकर यांच्या शांतता! कोर्ट चालू आहे (१९६७) मध्ये खेळ म्हणून आरंभिलेला खटला एका स्त्रीचा खरा छळ ठरतो, आणि न्यायालयाची नित्याची घोषणा तिच्या मुस्कटदाबीची आज्ञा बनते. बाबूराव बागूल यांच्या जेव्हा मी जात चोरली होती (१९६३) या कथासंग्रहाचे शीर्षकही याच जातीचे आहे : ज्याच्याकडून माणुसकी हिरावून घेतली गेली, त्याच्यावरच चोरीचा आळ येतो.

कायदा आणि १८८२ चा कोल्हापूर खटला : उपरोधातील नाकारण्याची सोय कायद्याने मान्य केलेली नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमात उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे स्पष्टीकरण होते. अमुक मनुष्य प्रामाणिक आहे, त्याने घड्याळ मुळीच चोरलेले नाही, असे त्यानेच ते चोरले असा समज व्हावा म्हणून म्हणणे, हे त्या कलमाखालील उदाहरण होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही ही तरतूद कायम आहे. शब्द काय आहेत यापेक्षा ते कोणता समज करून देण्यासाठी योजले, याला कायदा महत्त्व देतो.

बदनामीच्या याच कायद्याखाली कोल्हापूरच्या संदर्भात चाललेला १८८२ चा खटला महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तो उपरोधिक लेखनाबद्दल नव्हता. तथापि दैवगती या अर्थाचे त्याच्याइतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजी (चौथे) यांचा छळ होत असल्याची वार्ता होती. कारभारी माधवराव बर्वे यांची म्हणून सांगितलेली पत्रे केसरी व मराठा या पत्रांनी छापली. बर्वे यांनी फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांस जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली व १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबर रोजी, त्यांची मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून सुटका झाली. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस या पुस्तकात तो अनुभव खेळकर व तिरकस शैलीत वर्णिला आहे. खटल्याच्या काळात जामीन राहण्यास पुढे आले, ते फुले यांचे सत्यशोधक सहकारी रामशेठ बापूशेठ उरवणे. ज्या वर्तुळातून फुले यांच्यावर उपरोधाचा मारा झाला होता, त्यातील दोघांच्या मदतीला फुले यांचेच अनुयायी धावले.

छत्रपती शिवाजी यांचा २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे मृत्यू झाला. त्यांच्या गादीवर १८८४ मध्ये शाहू महाराज दत्तक आले. पुढे वेदोक्त प्रकरणात टिळकांनी केसरीतून (१९०१) महाराजांच्या भूमिकेला विरोध केला. कोल्हापूरच्या एका छत्रपतीची बाजू घेऊन तुरुंगात गेलेला पुरुष त्याच गादीवरील पुढील छत्रपतीचा प्रतिपक्षी झाला. यात कोणाचेही बोलणे उपरोधिक नाही. प्रत्येकाने आपापल्या भूमिकेशी सुसंगतच वर्तन केले. उलटापालट झाली ती काळाच्या ओघात. इतिहासकाराला दैवगती दिसते ती अशी, दोन टोके एकदम पाहिल्यावरच. त्या त्या क्षणी ती कोणालाच दिसत नाही.

कोल्हापूरचे चित्रपट : विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कोल्हापूर हे उपरोधिक बोलपटांचे केंद्र झाले. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर व पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये तेथे हंस पिक्चर्स ही संस्था काढली. आचार्य अत्रे यांच्या कथांवर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या ब्रह्मचारी (१९३८) व ब्रँडीची बाटली (१९३९) या चित्रपटांत दोन्ही प्रकार एकत्र येतात. ब्रह्मचर्याचे कडक व्रत घेतलेला तरुण प्रेमात सापडतो. दारूला कधी न शिवलेला भोळा कारकून औषधापुरत्या ब्रँडीसाठी दारोदार हिंडतो. प्रसंगांची रचना दैवगतीची आहे, तर शीर्षके उपरोधाची आहेत. व्रतापेक्षा व्रताचे प्रदर्शन हा त्यांचा खरा रोख होता.

राजारामपुरी व वि. स. खांडेकर : या संस्थेचा पहिला चित्रपट छाया (१९३६) याची कथा वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांची होती. शिरोडे येथील शाळेतील नोकरी सोडून ते १९३८ मध्ये कोल्हापुरास आले आणि पुढे राजारामपुरीत स्थायिक झाले. राजारामपुरी हे शहराच्या पूर्वेकडील उपनगर छत्रपती राजाराम महाराज (कार. १९२२–४०) यांच्या नावाने वसले असून त्यातील गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. खांडेकर हे कोल्हटकरांना गुरुस्थानी मानीत आणि त्यांच्या लेखनाच्या आरंभकाळात विनोदी लेखनाचा भाग होता. परंतु त्यांची प्रौढ प्रकृती उपरोधाची नव्हती. ध्येयवाद, करुणा व सुभाषितवजा भाषा हीच त्यांची ओळख ठरली. असे असूनही त्यांच्या ययाति (१९५९) या कादंबरीची रचना नाट्यगत उपरोधावर उभी आहे. ययाती, देवयानी व शर्मिष्ठा ही पात्रे आळीपाळीने स्वतःची हकीकत सांगतात. प्रत्येकजण आपल्या परीने प्रामाणिक असतो. पण एकाने केलेले आत्मसमर्थन दुसऱ्याच्या कथनाने उसवले जाते. तिघांचे ऐकलेला वाचक तिघांपेक्षाही अधिक जाणतो. येथे लेखक कोणालाही टोमणा मारीत नाही, आणि म्हणूनच या उपरोधात करुणेला जागा उरते.

या कादंबरीस साहित्य अकादेमीचा १९६० चा पुरस्कार मिळाला आणि खांडेकर हे १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. मराठी साहित्यिकास हा बहुमान प्रथमच लाभत होता. तोपर्यंत त्यांची दृष्टी गेली होती. ज्याचे आयुष्य वाचन-लेखनात गेले, त्याला त्या व्यासंगाचे सर्वोच्च फळ मिळाले, तेव्हा पुस्तकाचे पान वाचणे त्याला शक्य नव्हते. हा दैवदुर्विलास होय; कारण येथे फळ आणि ते भोगण्याचे इंद्रिय यांची ताटातूट झाली आहे.

दैवगती आणि योगायोग : या निकषामुळे दैवगती व योगायोग यांतील भेदही स्पष्ट होतो. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे गायक-नट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला भीषण आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. या घटनेचे वर्णन दैवदुर्विलास किंवा ‘आयरनी’ या शब्दांनी करण्याचा मोह होतो. परंतु जयंती आणि आग यांत कार्यकारणसंबंध नाही, किंवा जयंतीसाठी केलेल्या कृतीतून आग उद्‌भवली असेही नाही. दोन तारखा शेजारी आल्या एवढेच. दुःख तेवढेच मोठे राहते. पण नाव क्रूर योगायोग असेच द्यावे लागते. नाट्यगृह वाचविण्यासाठी केलेल्या उपायानेच ते जळाले असते, तर ती दैवगती झाली असती.

सारांशाने तीन प्रश्न विचारता येतात. हे कोणी हेतुतः उलट बोलले आहे काय? तसे असल्यास तो उपरोध. कोणी बोलले नसून अपेक्षा, प्रयत्न वा नाव यांच्या नेमके उलट फळ आले आहे काय? तर ती दैवगती. दोहोंपैकी काहीच नसून केवळ दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत काय? तर तो योगायोग. पहिल्या प्रश्नाचे महत्त्व नैतिकही आहे. उपरोधाला कर्ता असतो आणि म्हणून उत्तरदायित्वही असते. दैवाला जाब विचारता येत नाही. मानवी दुर्लक्षाने वा अन्यायाने घडलेल्या गोष्टीस ‘दैवदुर्विलास’ म्हटले, की तिचा कर्ता नजरेआड होतो. या शब्दाचा सैल वापर म्हणूनच केवळ भाषेचा दोष राहत नाही.

मर्यादा : उपरोध हा स्वरावर, प्रसंगावर आणि परस्पर परिचयावर अवलंबून असतो. छापील पानावर काकू उतरत नाही. दूरध्वनीवरील लघुसंदेशांत तर ती मुळीच राहत नसल्याने शब्दांपुढे हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह जोडण्याची पद्धत पडली आहे. लहान मुलाशी, नवख्या परभाषिकाशी किंवा दुःखात असलेल्या माणसाशी उपरोधाने बोलणे अनिष्ट मानले जाते, कारण तेथे ऐकणारा अर्थ उलटविण्याच्या स्थितीत नसतो. वरिष्ठाने कनिष्ठाशी केलेल्या उपरोधाला उत्तर देण्याची मोकळीक कनिष्ठाला नसते. अशा वेळी त्याचा उपहास होतो. भिडेमुळे कोंडलेल्या बोलण्याला वाट करून देणे हे उपरोधाचे मूळ कार्य होय. जेथे ती कोंडी नाही आणि सरळ बोलण्यास कोणतीही आडकाठी नाही, तेथे सरळ बोलणेच अधिक परिणामकारक ठरते.